पोलिसांपुढील कबुलीजबाब आणि निरपराधांना झालेल्या शिक्षा : एक ऐतिहासिक मागोवा

१६ मे २०१४ हा दिवस सोळाव्या लोकसभेच्या निवडणूक निकालाचा दिवस म्हणून सर्वांच्या लक्षात आहे. त्याच दिवशी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. ए. के. पटनायक व न्या. व्ही. गोपाल गौडा यांच्या पीठाने गांधीनगर येथील अक्षरधाम मंदिरावरील हल्ल्याच्या खटल्यात निकाल दिला. फाशीची शिक्षा झालेले तिघे, जन्मठेप झालेला एक आणि कमी मुदतीची शिक्षा झालेले दोघे, असे सहाही आरोपी निर्दोष ठरले. निवडणुकीच्या धामधुमीत या निकालाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. खालच्या दोन न्यायालयांनी ज्या पुराव्यावर तीन माणसांना फाशी सुनावली, त्याचा मुख्य आधार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेले कबुलीजबाब हाच होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने ते विश्वासार्ह मानले नाहीत.

अशा निकालांची चर्चा आपल्याकडे बहुधा दोन टोकांनी होते. ‘आपल्या मुलांना मुद्दाम अडकवले’ असे एक टोक, तर ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटले’ असे दुसरे. पोलिसांपुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न मात्र या चर्चेपेक्षा फार जुना आहे. इस्लामी फिकहने त्यावर बाराशे वर्षांपूर्वी विचार केला होता आणि इंग्रजी राजवटीनेही १८६१ मध्ये, स्वतःच्या पोलिसांचा अनुभव घेतल्यावर, त्याचे स्पष्ट उत्तर दिले होते. ते उत्तर १९८७ नंतर का बदलले गेले आणि त्याची किंमत कोणी मोजली, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

फिकहमधील इकरार आणि इकराह

फिकहच्या ग्रंथांत ‘इकरार’ म्हणजे कबुली आणि ‘इकराह’ म्हणजे जबरदस्ती यांचा स्वतंत्र विचार आढळतो. कबुली हा गुन्हा शाबीत होण्याचा एक मार्ग मानला गेला, पण ती स्वखुशीने दिलेली असली पाहिजे ही अट त्यासोबत आली. माइज (रजि.) यांचा प्रसंग हदीसच्या अनेक संग्रहांत आला आहे. ते स्वतःहून गुन्हा कबूल करण्यास आले असता प्रेषित मुहम्मद (स.) यांनी पुन्हा पुन्हा तोंड फिरवले आणि हा माणूस शुद्धीवर आहे काय, याची चौकशी केली. याच प्रसंगाच्या आधारे बहुतेक फकीहांनी असे मत दिले की, हद्दच्या गुन्ह्यात कबुली देणाऱ्याला ती मागे घेण्याचा, म्हणजे ‘रुजू’ करण्याचा, अधिकार आहे.

काझी अबू यूसुफ (मृत्यू इ. स. ७९८) हे इमाम अबू हनीफा यांचे शिष्य आणि खलिफा हारून रशीद यांच्या काळातील मुख्य काझी. खलिफांसाठी लिहिलेल्या ‘किताबुल खराज’ या ग्रंथात त्यांनी महसुलाबरोबरच कैदी व आरोपी यांच्याविषयीही लिहिले आहे. आरोपीकडून कबुली काढण्यासाठी त्याला मारहाण करणे त्यांनी गैर ठरवले. त्यासाठी त्यांनी हजरत उमर (रजि.) यांच्या ज्या उद्गाराचा आधार घेतला त्याचा आशय असा की, उपाशी ठेवलेला, भयभीत केलेला किंवा कोंडून ठेवलेला माणूस स्वतःविरुद्धही कबुली देऊन बसेल, त्याचा भरवसा धरता येत नाही. पोलीस कोठडीतील माणसाच्या मनःस्थितीचे याहून नेमके वर्णन आधुनिक निकालपत्रांतही क्वचितच सापडेल. शंका असेल तेथे हद्दची शिक्षा टाळावी आणि शिक्षेत चूक होण्यापेक्षा माफीत चूक झालेली बरी, हे तत्त्वही फकीहांनी सर्वसाधारणपणे मान्य केले. इंग्लंडमध्ये ब्लॅकस्टोनने अठराव्या शतकात मांडलेला विचार याच जातीचा होता.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. तत्त्व असे असले तरी व्यवहार नेहमी तसा नव्हता. ‘सियासत’ या नावाखाली राज्यकर्त्यांनी व त्यांच्या कोतवालांनी मारहाणीचा अवलंब केल्याची उदाहरणे इतिहासात विपुल आहेत. बदनाम संशयितांना मारहाण करून सत्य काढण्यास इब्न तैमिया (मृत्यू १३२८) आणि त्यांचे शिष्य इब्न कय्यिम (मृत्यू १३५०) यांच्यासारख्या थोर विद्वानांनी मर्यादित मुभा दिली होती. त्यामुळे ‘आमच्याकडे सर्व उत्तम होते’ असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. फिकहच्या मुख्य प्रवाहाने जबरदस्तीची कबुली रद्दबातल मानली, आणि राज्यकर्त्यांनी ‘परिस्थिती अपवादात्मक आहे’ असे म्हणून त्यातून वाट काढली, एवढेच म्हणता येते. हाच क्रम पुढे आधुनिक भारतातही दिसतो.

कंपनी सरकार ते १८७२ चा पुरावा कायदा

बंगालमध्ये १७७२ च्या न्यायव्यवस्थेत कंपनी सरकारने इस्लामी फौजदारी कायदाच पुढे चालू ठेवला. निजामत अदालतीत काझी व मुफ्ती फतवा देत आणि त्यावर शिक्षा ठरे. ‘हिदाया’ या हनफी ग्रंथाचे चार्ल्स हॅमिल्टन यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १७९१ मध्ये प्रसिद्ध झाले ते याच गरजेतून. मुंबई इलाख्यात माऊंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या १८२७ च्या रेग्युलेशन्सनी ही पद्धत बाजूला सारली. बंगालमध्ये ती १८३२ नंतर क्षीण होत गेली आणि १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता लागू झाल्यावर संपली.

या काळात कायदा बदलत होता, पण ठाण्यातील रीत बदलत नव्हती. १८५४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये मद्रास इलाख्यातील छळाचा प्रश्न उपस्थित झाला. त्यानंतर नेमलेल्या आयोगाचा अहवाल १८५५ मध्ये आला. महसूल वसुलीसाठी आणि गुन्ह्याची कबुली काढण्यासाठी सरकारी नोकर सर्रास छळ करतात, असा निष्कर्ष आयोगाने काढला. बोटे चिमटणारी लाकडी ‘किट्टी’, माणसाला वाकवून दोरीने जखडून उन्हात ठेवणे, डोळ्यांत मिरचीपूड घालणे अशा प्रकारांची नोंद त्यात आहे. मुंबई इलाखाही यातून सुटला नव्हता. याच सुमारास नाशिक येथे खुनाच्या संशयावरून पकडलेल्या एका इसमाचा पोलिसांच्या छळामुळे झालेला मृत्यू सरकारदरबारी गाजला होता.

या अनुभवातून १८६१ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १४८, १४९ व १५० घालण्यात आली. पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली आरोपीविरुद्ध वापरता येणार नाही, हा नियम त्यांतून कायद्यात आला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी मसुदा केलेल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात तीच कलम २५, २६ व २७ म्हणून आली. कलम २५ प्रमाणे पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुली शाबीत करता येत नाही. कलम २६ प्रमाणे पोलिसांच्या ताब्यात असताना दुसऱ्या कोणापुढे दिलेली कबुलीही, ती मॅजिस्ट्रेटच्या समक्ष दिलेली नसेल तर, चालत नाही. स्टीफन यांनी पुढे आपल्या इंग्लिश फौजदारी कायद्याच्या इतिहासात हिंदुस्थानातील एका अनुभवी अधिकाऱ्याचे म्हणणे नोंदवले आहे. त्याचा आशय असा की, उन्हातान्हात पुरावा शोधत फिरण्यापेक्षा सावलीत बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरची चोळणे फार सोयीचे असते. हा नियम कोणत्याही राष्ट्रीय नेत्याच्या मागणीवरून आलेला नव्हता. परक्या सरकारला आपल्याच पोलिसांचा भरवसा वाटत नव्हता म्हणून तो आला, ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे.

कलम २७ ने मात्र एक फट ठेवली. आरोपीच्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर त्या माहितीचा तेवढा भाग पुराव्यात घेता येतो. प्रिव्ही कौन्सिलने पुलुकुरी कोट्टय्या यांच्या खटल्यात (१९४७) या कलमाचा अर्थ अत्यंत मर्यादित ठेवला. असे असूनही आरोपीच्या निवेदनाचा पंचनामा, त्यावर पोलिसांच्या ओळखीतल्या सराईत पंचांच्या सह्या आणि मागाहून ‘काढून दिलेली’ वस्तू हा प्रकार आपल्या फौजदारी न्यायालयांना अपरिचित नाही. भिंत उभी होती, पण तिला दार होते.

अपवादाचे कायदे

संविधानाच्या अनुच्छेद २० (३) ने आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येणार नाही, असे जाहीर केले. कलम २५ ला याने घटनात्मक बळ मिळाले. तरीही पंजाबातील दहशतवादाच्या पार्श्वभूमीवर आलेल्या १९८७ च्या ‘टाडा’ कायद्याच्या कलम १५ ने सव्वाशे वर्षांचा नियम बाजूला ठेवला. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली पुरावा म्हणून ग्राह्य ठरली. कनिष्ठ शिपाई छळ करील, पण वरिष्ठ अधिकारी करणार नाही किंवा होऊ देणार नाही, असे यामागील गृहीतक होते.

करतारसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात ११ मार्च १९९४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने तीन विरुद्ध दोन अशा मताने कलम १५ वैध ठरवले. न्या. के. रामस्वामी व न्या. आर. एम. सहाय यांनी या मुद्द्यावर विरोधी मत नोंदवले. बहुमतानेही कबुली मोकळ्या वातावरणात घ्यावी, आरोपीला विनाविलंब मॅजिस्ट्रेटपुढे न्यावे अशी पथ्ये घालून दिली. टाडाखाली देशभरात सत्तर हजारांहून अधिक लोकांना अटक झाली आणि त्यांपैकी अगदी थोड्यांना शिक्षा झाली. टीका वाढल्यावर मे १९९५ मध्ये या कायद्याची मुदत वाढवली गेली नाही.

तरतूद मात्र संपली नाही. महाराष्ट्राच्या १९९९ च्या ‘मकोका’त ती कलम १८ म्हणून आली. कर्नाटकाने २००० मध्ये त्याच धर्तीचा कायदा केला. संसदेने २००२ मध्ये ‘पोटा’ मंजूर केला आणि त्याच्या कलम ३२ मध्ये तीच तरतूद, काही अधिक अटींसह, ठेवली. २००३ मध्ये मलिमथ समितीने तर सर्वसाधारण कायद्यातच पोटाच्या धर्तीवर बदल करण्याची शिफारस केली. पोटा २००४ मध्ये रद्द झाला. पण रद्द होण्यापूर्वी दाखल झालेले खटले चालूच राहिले, आणि अक्षरधामचा खटला त्यांपैकीच होता.

अक्षरधाम खटला आणि दोन उर्दू पत्रे

२४ सप्टेंबर २००२ रोजी दोन सशस्त्र हल्लेखोरांनी अक्षरधाम मंदिरात प्रवेश करून गोळीबार केला. तीसहून अधिक लोक प्राणास मुकले. दोन्ही हल्लेखोर कमांडो कारवाईत ठार झाले. जवळजवळ वर्षभर तपासात काही हाती लागले नाही. ऑगस्ट २००३ च्या अखेरीस अहमदाबादेत अटकसत्र झाले आणि पाठोपाठ कबुलीजबाब नोंदले गेले. विशेष पोटा न्यायालयाने १ जुलै २००६ रोजी सहा जणांना शिक्षा ठोठावली आणि गुजरात उच्च न्यायालयाने १ जून २०१० रोजी ती कायम केली.

सर्वोच्च न्यायालयाने दाखवलेल्या त्रुटी एकेक पाहण्याजोग्या आहेत. पोटाखाली खटला चालवण्यास राज्य शासनाने दिलेली मंजुरी कागदपत्रांचा विचार न करता दिलेली होती. कबुलीजबाब नोंदल्यावर आरोपींना मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचा उपचार झाला, पण ज्या हेतूने कायद्याने ती पायरी ठेवली होती तो सफल झाला नाही. छळ झाला काय याची खरी चौकशी झाली नाही आणि आरोपी परत पोलिसांच्याच ताब्यात गेले. नंतर त्यांनी कबुली नाकारली, तरी खालच्या न्यायालयांनी त्या नकाराला वजन दिले नाही.

या खटल्यातील दोन उर्दू पत्रांची हकीकत भाषेच्या अध्यापकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. ठार झालेल्या हल्लेखोरांच्या पँटच्या खिशात ही पत्रे सापडली आणि ती आरोपींपैकी एका मुफ्तींनी लिहिली, असा सरकार पक्षाचा दावा होता. त्यासाठी हस्ताक्षरतज्ज्ञाची साक्षही झाली. परंतु हल्लेखोरांच्या अंगावर गोळ्यांच्या अनेक जखमा होत्या आणि त्यांचे कपडे रक्ताने माखून छिद्रे पडलेले होते. खिशातील पत्रांवर मात्र ना रक्ताचा डाग होता, ना छिद्र. हे कसे शक्य आहे, या साध्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर सरकार पक्षाला देता आले नाही. हा प्रश्न विचारण्यासाठी उर्दू येण्याची किंवा हस्ताक्षरशास्त्र जाणण्याची गरज नव्हती. कागद हातात घेऊन पाहणे पुरेसे होते. एका फाशीच्या खटल्यात तो प्रश्न निर्णायक ठरण्यास जवळजवळ बारा वर्षे लागली, याचे कारण कबुलीजबाबात सापडते. आरोपीने ‘पत्र मीच लिहिले’ असे म्हटल्याचे एकदा कागदावर आले की, पत्राकडे पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही.

गुलबर्गा, मालेगाव, हैदराबाद आणि मुंबई

अक्षरधामचा खटला एकटा नाही. डिसेंबर १९९३ मधील रेल्वेस्फोटांच्या खटल्यात गुलबर्गा येथील फार्मसीच्या एका विद्यार्थ्याला जानेवारी १९९४ मध्ये पकडण्यात आले. पोलीस कोठडीतील कबुली हा त्याच्याविरुद्धचा मुख्य पुरावा होता. अजमेरच्या टाडा न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली. ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले, तेव्हा त्याच्या आयुष्यातील सुमारे तेवीस वर्षे गेलेली होती.

८ सप्टेंबर २००६ रोजी, शब-ए-बरातच्या दिवशी जुम्म्याच्या नमाजनंतर, मालेगावात बडा कब्रस्तान परिसरात स्फोट झाले आणि तीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. मकोका लावून नऊ मुस्लिम तरुणांवर आरोप ठेवण्यात आला आणि त्यांच्यापैकी काहींचे कबुलीजबाब सादर झाले. २०११ मध्ये राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे तपास गेल्यावर यंत्रणेने पूर्णपणे वेगळ्या व्यक्तींवर ठपका ठेवला. २५ एप्रिल २०१६ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने आधीच्या आरोपींना दोषमुक्त केले. त्यांपैकी एक तोवर हयात नव्हता. एकाच गुन्ह्याच्या, एकमेकांशी न जुळणाऱ्या दोन कथा सरकारी यंत्रणांनीच न्यायालयापुढे मांडल्या होत्या.

तपासाला वेगळे वळण मिळण्यास स्वामी असीमानंद यांनी डिसेंबर २०१० मध्ये मॅजिस्ट्रेटपुढे दिलेला जबाब बऱ्याच अंशी कारणीभूत ठरला होता. तो जबाबही त्यांनी नंतर दबावाखाली दिल्याचे सांगून नाकारला. हैदराबादच्या मक्का मशीद स्फोट खटल्यातून २०१८ मध्ये आणि समझौता एक्स्प्रेस खटल्यातून २०१९ मध्ये ते निर्दोष सुटले. कबुली आपल्या मनाजोगी असली की खरी आणि नसली की छळाने घेतलेली, असे दुहेरी माप लावता येत नाही. नियम सर्वांना सारखा असेल तरच तो आपल्यालाही वाचवू शकतो.

हैदराबादेत मे २००७ च्या मक्का मशीद स्फोटानंतर पकडलेले अनेक मुस्लिम तरुण पुढे निर्दोष सुटले. आंध्र प्रदेश शासनाने त्यांना नुकसानभरपाई दिली. हा एक दुर्मिळ निर्णय होता. तथापि २०१३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरवला.

या सर्वांत मोठा खटला मुंबईचा. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अवघ्या काही मिनिटांत सात स्फोट झाले. सुमारे १८९ प्रवासी ठार आणि आठशेहून अधिक जखमी झाले. मकोकाच्या विशेष न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. तेरावा आरोपी शाळेत शिक्षक होता आणि त्याच्या नावावर कबुलीजबाब नव्हता. तो नऊ वर्षांनी निर्दोष सुटला. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अनिल किलोर व न्या. श्याम चांडक यांच्या पीठाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांपैकी एकाचा २०२१ मध्ये नागपूर कारागृहात असताना कोरोनाने मृत्यू झालेला होता. वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी वेगवेगळ्या वेळी नोंदवलेल्या कबुलीजबाबांतील मजकूर परस्परांशी शब्दशः जुळतो, वैद्यकीय कागदपत्रे छळाच्या तक्रारीला दुजोरा देतात, ओळख परेड घेणाऱ्याला तो अधिकारच नव्हता आणि जप्त वस्तू व्यवस्थित मोहोरबंद करून ठेवल्या गेल्या नव्हत्या, अशी कारणे निकालपत्रात आहेत. महाराष्ट्र शासन सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने, हा निकाल अन्य खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये एवढ्यापुरती स्थगिती दिली आणि सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात जाण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले.

यात आणखी एक बाजू आहे, आणि ती नजरेआड करणे अन्यायाचे होईल. अक्षरधाममध्ये, लोकलगाड्यांत आणि मालेगावच्या कब्रस्तानात ज्यांची माणसे गेली, त्या घरांना न्याय मिळाला काय? निरपराधाला शिक्षा होते तेव्हा खरा गुन्हेगार मोकळा राहतो. सक्तीने काढलेली कबुली तपास पूर्ण करत नाही, ती तपास थांबवते. वीस वर्षांनी खटला कोसळतो तेव्हा नवा तपास करण्यासाठी ना साक्षीदार उरतात, ना पुरावा.

प्रश्न एका समाजापुरता नाही

हा प्रश्न केवळ मुस्लिम समाजाचा मानणे हीदेखील चूक ठरेल. नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या एका भीषण हत्याकांडात भटक्या जमातीतील सहा जणांना शिक्षा झाली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली. पुढे फेरविचारात प्रकरण पुन्हा खुले झाले आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष ठरवले. हल्ल्यातून बचावलेल्या प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांच्या छायाचित्रांच्या संग्रहातून सुरुवातीस वेगळ्याच चौघांना ओळखले होते, पण त्यांचा तपास झालाच नाही. आरोपींपैकी एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षांच्या कैदेबद्दल प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश महाराष्ट्र शासनास देण्यात आला.

ज्या काळात पुरावा कायदा तयार होत होता त्याच काळात, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला आणि काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवण्यात आले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, पण मनातील यादी पुसली गेली नाही. गुन्हा घडला की आधी संशयितांचा समाज ठरतो, मग माणूस निवडला जातो आणि शेवटी पुरावा जमवला जातो. भटक्या जमाती, आदिवासी, दलित, मुसलमान, गरीब मजूर यांपैकी कोण त्या यादीत वर आहे, हे काळ व प्रदेश पाहून बदलते.

भरपाई आणि पुनर्वसन

निर्दोष सुटलेल्या माणसाचे पुढे काय होते, याविषयी आपल्या कायद्यात अद्याप समाधानकारक तरतूद नाही. रुदल शहा विरुद्ध बिहार राज्य (१९८३) या प्रकरणात, निर्दोष ठरूनही चौदा वर्षे तुरुंगात राहिलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने अनुच्छेद ३२ खाली भरपाई दिली आणि एक मार्ग खुला झाला. परंतु तो न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून आहे. अक्षरधाम खटल्यातून सुटलेल्यांनी भरपाई मागितली, तेव्हा २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती मागणी ऐकून घेण्यास नकार दिला. तसे केल्यास चुकीचा पायंडा पडेल, असे न्यायालयाचे म्हणणे होते. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचा अनुच्छेद १४ (६) अशी भरपाई देण्यास सांगतो आणि भारत १९७९ पासून त्या कराराचा पक्ष आहे. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये २७७ वा अहवाल सादर करून चुकीच्या खटल्यांसाठी विशेष न्यायालये, ठरावीक मुदतीत भरपाई आणि समुपदेशन, कौशल्यशिक्षण यांसारखी मदत सुचवली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या तीन नव्या फौजदारी कायद्यांत मात्र अशी व्यवस्था आली नाही. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये जुन्या २५, २६ व २७ या कलमांचा आशय कायम राहिला, ही समाधानाची बाब आहे. मकोकासारख्या विशेष कायद्यांतील अपवादही तसाच राहिला, ही चिंतेची बाब आहे.

समारोप

वरील विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, पोलिसांपुढील कबुलीवर बंदी हा गुन्हेगारांना दिलेला लाभ नाही. तो दीर्घ अनुभवातून आलेला नियम आहे आणि फिकहचे विद्वान, इंग्रज अधिकारी व स्वतंत्र भारताचे संविधानकार अशा अगदी वेगवेगळ्या मंडळींना तो आवश्यक वाटला. दुसरी, ‘काळ अपवादात्मक आहे’ असे म्हणून हा नियम सैल केला गेला तेव्हा निरपराध माणसे अडकली आणि गुन्हे उकलले गेले नाहीत. तिसरी, चूक दुरुस्त करणारी न्यायालयेही याच व्यवस्थेत आहेत. करतारसिंग निकालातील दोन विरोधी मते, अक्षरधामचा व मुंबईचा निकाल हे या व्यवस्थेनेच दिले आहेत. म्हणून निराशेपेक्षा जाणकारीची गरज अधिक आहे.

महाविद्यालयीन अध्यापकांच्या दृष्टीने याचा अर्थ व्यावहारिक आहे. अटकेची कारणे लेखी मिळण्याचा हक्क, चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे हजर करण्याचा नियम, डी. के. बसू प्रकरणातील (१९९६) अटकेविषयीचे निर्देश, विनामूल्य विधी सहाय्य आणि पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही बसवण्याविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश या बाबी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला माहीत असल्या पाहिजेत. मॅजिस्ट्रेटने ‘काही तक्रार आहे काय’ असे विचारले असता गप्प न राहता छळ झाला असल्यास तेथेच सांगावे, ही एक सूचनाही एखाद्याची अनेक वर्षे वाचवू शकते. आपल्या संस्थांतून अधिकाधिक विद्यार्थी विधी, न्यायवैद्यक आणि पोलीस सेवा या क्षेत्रांकडे वळतील असे पाहणे हे त्यापुढचे पाऊल ठरेल.

आणि इतिहास व भाषा शिकवणाऱ्यांसाठी त्या दोन पत्रांचा धडा आहेच. कागदावर काय लिहिले आहे हे वाचण्यापूर्वी तो कागद कोठून आला, कसा आला आणि त्याची अवस्था काय आहे, हे पाहण्याची सवय वर्गात लागते. ती सवय असलेला माणूस पुढे तपास अधिकारी, सरकारी वकील किंवा न्यायाधीश झाला, तर एखाद्या निरपराधाची बारा वर्षे वाचतील.